फोमच्या जेटमध्ये टर्बाइन: वितळायची काळजी नंतर, आधी वेगाची करा

फोंड्याच्या एका मित्राने विचारलंय, थोडक्यात प्रश्न असा: "माझ्याकडे रिमोटवर उडणारं, ९० एमएम ईडीएफचं (नळीत बसवलेला विजेवरचा फॅन) फोमचं जेट आहे, ८एस वर (आठ सेलच्या बॅटरीवर) उडतं, वजन चार किलोच्या आसपास, चार मिनिटांत बॅटरी संपते. ईडीएफ काढून ४५ न्यूटन जोराचं छोटं टर्बाइन (रॉकेलवर चालणारं जेट इंजिन) टाकलं तर चालेल का, फोम वितळणार नाही ना, आणि गोव्यात हे उडवायचं कुठे?"

बाब, चालेल. लोक करतात, मीही करतो, आणि फोम वितळत नाही, नीट केलं तर. पण तुम्ही ज्या गोष्टीला घाबरताय ती खरी अडचण नाहीच. खरी अडचण अशी की तुमचं विमान एका ठराविक वेगापर्यंत उडायला बनवलंय, तो वेग आतापर्यंत फॅनच आपोआप सांभाळत होता, आणि तुम्ही नेमका तोच काढून टाकताय. बाकी उष्णता, टाकी, पाइप हे सगळं कामाचं आहे पण सुटण्यासारखं आहे.

आधी एक सांगतो, बरंच काही मॉडेल कुठलं आहे त्यावर आहे आणि तुम्ही नाव लिहिलेलं नाही. एकच एक्झॉस्ट, सरळ मागे जाणारा, लांब फ्युझलाज (धड), थोडा जाड पंख, म्हणजे एल-३९ सारखं ट्रेनर किंवा स्पोर्ट जेट असेल तर पुढे वाचा. दोन नोझलवालं, एफ-१८ किंवा सुखोई टाइप असेल तर एका टर्बाइनचा पाइप दुभंगून दोन्हीकडे न्यायचा खटाटोप फोममध्ये करू नका, जागा नाही, वजन वाढतं, थ्रस्ट (पुढे ढकलणारा जोर) जातो. ते विमान बॅटरीवरच छान आहे, राहू द्या.

आता वेगाचं. बेंचवर काटा लावून तुमचा फॅन समजा ४० न्यूटन दाखवतो आणि टर्बाइन ४५, तर वाटतं की फरक काय, थोडंसंच जास्त. पण ईडीएफ भरपूर हवा हळू फेकतो आणि टर्बाइन थोडी हवा प्रचंड जोरात फेकतं. ढोबळ हिशेब करा: ४० न्यूटन देणारा ९० एमएम फॅन सेकंदाला अर्धा किलोच्या आसपास हवा ८० मीटर प्रतिसेकंद वेगाने मागे टाकतो. ४५ न्यूटनचं टर्बाइन सेकंदाला जेमतेम शंभर-सव्वाशे ग्रॅम टाकतं पण चारशे मीटरच्या घरात. आता विमान ४० मीटर प्रतिसेकंदाने, म्हणजे ताशी १४४ किलोमीटरने चाललंय असं धरा. फॅनच्या बाबतीत ८० मधून ४० गेले, म्हणजे थ्रस्ट जवळपास अर्ध्यावर आला. टर्बाइनच्या बाबतीत ४०० मधून ४० गेले, नव्वद टक्के थ्रस्ट शिल्लक. म्हणजे हवेत त्या क्षणी एकाकडे २० न्यूटन आहेत आणि दुसऱ्याकडे ४०. बेंचवर जवळजवळ सारखी दिसणारी दोन इंजिनं हवेत दुपटीच्या फरकाची होतात.

याचा अर्थ फॅनवालं विमान एका वेगाला पोचलं की दमतं, तुम्ही स्टिक पुढे धरून ठेवली तरी. टर्बाइनवालं दमत नाही, ते वेग घेतच राहतं, आणि फोमचा पंख कुठेतरी फडफडायला लागतो. फ्लटर एकदा सुरू झाला की विचार करायला वेळ मिळत नाही, एलेरॉन (पंखाच्या मागच्या कडेचा हलणारा भाग) तुटून जातं नाहीतर शेपूट. म्हणून माझं स्पष्ट मत: तुमच्या विमानाला फॅनपेक्षा जास्त थ्रस्टचं टर्बाइन घेऊ नका, कमीच घ्या. चार किलोच्या विमानाला ३० न्यूटन पुरतात, टेकऑफ थोडा लांब होईल एवढंच. अगदी छोट्या वर्गात जेटकॅटचं पी-२० आहे, २४ न्यूटनच्या आसपास देतं, ते ७०-८० एमएमच्या हलक्या विमानांना ठीक, तुमच्या चार किलोला धापा टाकत नेईल. पुढच्या विमानाचा विचार करून ४५ चंच घ्यायचं असेल तर घ्या, पण बऱ्याच ईसीयूमध्ये (इंजिन सांभाळणारा छोटा संगणक) कमाल आरपीएम (मिनिटाचे फेरे) खाली आणता येतो, तो आणा, आणि ट्रान्समीटरवर भरवसा ठेवून "मी फुल थ्रॉटल देणारच नाही" असं स्वतःला सांगू नका. देता. सगळेच देतात, बघणारे चार लोक उभे असले की हमखास.

आणि इंजिन ऑर्डर करायच्या आधी एक काम करा, फुकटचं आहे. रिसिव्हर चालू ठेवा, सर्व्हो (एलेरॉन वगैरे हलवणाऱ्या छोट्या मोटरी) सेंटरला, आणि एलेरॉनची मागची कड दोन बोटांत धरून हलकेच वर-खाली हलवा. कड सर्व्होचा आर्म न हलता एक-दीड मिलिमीटर जरी सरकली तर तो खेळ कुठून येतोय ते शोधा. क्लेव्हिसचं (सर्व्होच्या दांडीच्या टोकाची क्लिप) भोक मोठं झालेलं असतं, ती दांडी जिथे जोडतात तो प्लास्टिकचा कंट्रोल हॉर्न फोममध्ये डुलत असतो, किंवा सर्व्होचे प्लास्टिक गिअर झिजलेले असतात. एलिव्हेटरला (आडव्या शेपटीचा हलणारा भाग) पण तेच, तिथे तर जास्तच. कारखान्यातून येणारी फोमचीच पातळ बिजागरी कापून टाका आणि खऱ्या हिंज बसवा, हॉर्न दोन्ही बाजूंनी प्लेट लावून आरपार स्क्रूने कसा, मेटल गिअरचे सर्व्हो घाला, आडव्या शेपटीत कार्बनची पट्टी किंवा नळी नसेल तर बसवा. एवढं केल्यावर तेच विमान ईडीएफवर दोन-चारदा उडवून बघा. ईडीएफवर जे विमान डाइव्हमध्ये आवाज करतं ते टर्बाइनवर नेऊच नका.

वजनाचा हिशेब लोक उलटा करतात म्हणून थोडा सविस्तर लिहितो. काढायचं काय: ८एसचा पॅक साधारण किलोभर, फॅन आणि मोटर अर्धा किलो, ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारं सर्किट) दीडशे ग्रॅम. म्हणजे पावणेदोन किलोच्या जवळ. घालायचं काय: टर्बाइन सातशे ग्रॅमच्या आसपास, पाइप दोन-अडीचशे, टाकी, पंप, व्हॉल्व्ह, नळ्या मिळून अडीचशे, ईसीयू आणि त्याची बॅटरी दोन-अडीचशे. म्हणजे १.४ किलो. वर एक लिटर इंधन, ते ८०० ग्रॅम. म्हणजे टेकऑफला विमान पाचेकशे ग्रॅमने जड आणि उतरताना जवळपास पूर्वीएवढंच किंवा थोडं हलकं. वाईट नाही. पण हे वजन कुठे बसतं ते बघा. किलोभर बॅटरी नाकात होती ती गेली. मागे फॅनच्या जागी त्याहून जड टर्बाइन आलं, त्याच्या मागे पाइप आला. विमान शेपटीला बसणार. त्यामुळे टर्बाइन फॅनच्या जागीच ठेवायचा हट्ट सोडा, जमेल तेवढं पुढे घ्या आणि पाइप लांब ठेवा, ईसीयूची बॅटरी, रिसिव्हरची बॅटरी, पंप हे सगळं नाकात ढकला. टाकी मात्र बरोबर सीजीवर (विमानाच्या गुरुत्वमध्यावर), इकडे-तिकडे नाही, कारण ती रिकामी होत जाते. बॅलन्स टाकी रिकामी ठेवून आणि चाकं बाहेर काढून बघायचा. भरलेल्या टाकीवर बॅलन्स करून खूश होणारे लोक उतरताना रडतात.

किती वेळ उडेल म्हणाल तर ४५ न्यूटनचं इंजिन फुल थ्रॉटलला मिनिटाला दीडशे मिलिलिटरच्या आसपास पितं. तुम्ही सरासरी अर्ध्या-पाऊण थ्रॉटलवर असता, सुरुवातीला टॅक्सी करण्यात थोडं जातं, शेवटी पाव टाकी राखून ठेवायची. एका लिटरवर टायमर सहा मिनिटांचा लावा. चार मिनिटांऐवजी सहा, म्हणजे वेळेसाठी हा सगळा खर्च करत असाल तर तो वसूल होत नाही हे आत्ताच सांगतो. दोन बॅटऱ्या आणखी घ्या, स्वस्त पडतील. आणि नुसता आवाज हवा असेल तर १२ पात्यांचा फॅन बसवा, शिट्टी बऱ्यापैकी जेटसारखी येते. टर्बाइन घ्यायचं ते टर्बाइन हवंय म्हणून, सकाळी ते स्टार्ट होताना ऐकायचंय म्हणून. हे कारण मला पुरेसं वाटतं, फक्त हिशेबाची कारणं पुढे करू नका.

आता तुमचा फोम. एक्झॉस्टचं तापमान ५०० ते ७०० अंशांच्या दरम्यान असतं आणि ईपीओ फोम शंभरच्या आतच मऊ पडतो, आपल्याकडे मे महिन्यात गाडीत बंद करून ठेवलेल्या विमानाला फोड येतात ते तुम्ही पाहिलंच असेल. तरीही उडताना धोका सगळ्यात कमी असतो कारण हवा वाहत असते. दुहेरी भिंतीचा स्टीलचा पाइप घ्या, आतल्या-बाहेरच्या भिंतीमधून थंड हवा जाते, बाहेरची भिंत सहन होण्याइतकी राहते. टर्बाइनच्या मागच्या तोंडापासून पाइपच्या पसरट तोंडापर्यंत किती अंतर ठेवायचं ते इंजिनच्या मॅन्युअलमध्ये असतं, तेच ठेवा, त्या फटीतूनच भोवतालची हवा ओढली जाते आणि तीच तुमचं फ्युझलाज थंड ठेवते. फट बुजवली की गेलं. इनटेकची चिंता नको, फॅनसाठी केलेले डक्ट टर्बाइनला गरजेपेक्षा मोठेच असतात, वर सांगितलं तसं हे इंजिन हवाच कमी खातं. आतून फोमला अॅल्युमिनियमची चिकटपट्टी आणि पाइपच्या जवळ सिरॅमिकचं पातळ ब्लँकेट लावा. आणि इंजिनचा माउंट फोमला चिकटवू नका. प्लायवूडचे दोन फॉर्मर (धडातल्या आडव्या चौकटी), त्यांना जोडणाऱ्या लाकडी किंवा कार्बनच्या पट्ट्या, आणि त्या पट्ट्या पुढे पंखाच्या स्पारपर्यंत (पंखातल्या मुख्य दांड्यापर्यंत). थ्रस्ट लाकडातून स्पारला गेला पाहिजे. साधा इपॉक्सीसुद्धा उष्णतेने ढिला पडतो म्हणून इंजिनजवळ जिथे जमेल तिथे स्क्रू आणि आरपार बोल्ट.

धोका खरा दोन वेळेला असतो. पहिला स्टार्टला. पहिला प्रयत्न फसला, आत रॉकेल साचलं, तुम्ही लगेच पुन्हा बटण दाबलं की पाइपमधून ज्वाळा बाहेर येते. फसला की थांबा, विमान नाक वर करून आतलं सगळं मागून गळू द्या, पुसा, मग पुन्हा. स्टार्ट नेहमी नाक वाऱ्याकडे करून, मागून वारा आला तर गरम हवा परत आत ढकलली जाते आणि तापमान चढतं. दुसरा धोका इंजिन बंद केल्यावर. हवा थांबते, गरम धातू तसाच फोमच्या मधोमध बसून राहतो. ईसीयू स्टार्टर मोटर फिरवून इंजिन थंड करतं, शंभर अंशांच्या खाली येईपर्यंत ती फिरू द्या, ईसीयूची बॅटरी घाईने काढू नका, आणि विमान थांबलं की लगेच कॅनोपी आणि खालचं झाकण उघडा. कॅनोपी लावून उन्हात उभं ठेवून फोटो काढत बसायचं नाही. मग फोटोत फोड येतात.

इंधनाच्या नळीची एक गोष्ट. फोम दाबला जातो, लवतो, नळी कशावर तरी घासत राहते आणि बारीक भोक पडतं. गळती बाहेर दिसत नाही कारण ती फटींत आणि गोंदाच्या सांध्यांत मुरते, आणि रॉकेल मुरलेलं फ्युझलाज म्हणजे तयार काकडा. म्हणून दर फ्लाइटनंतर आत नाक घालून वास घ्यायचा, आणि टाकीच्या खाली पांढरा टिश्यू ठेवायचा, ओला झाला की त्या दिवशी उडणं बंद. टाकी आणि पंपाच्या मध्ये बबल अडवणारी छोटी हॉपर टाकी हवीच. एवढ्या छोट्या इंजिनाला एक मोठा बुडबुडा पुरतो, हवेत बंद पडतं, आणि तुमचं चार किलोचं ग्लायडर सड्याच्या (डोंगरावरच्या सपाट पठाराच्या) कडेवरून खाली काजूत जातं.

उडवण्यात सवय बदलावी लागते ती एकच, थ्रॉटलची. ईडीएफ स्टिक सरकवली की लगेच उत्तर देतो. टर्बाइन आयडलवरून (सगळ्यात कमी वेगावरून) फुलला जायला तीन ते पाच सेकंद घेतं. फायनलला (उतरायच्या शेवटच्या टप्प्यात) पूर्ण आयडलवर आलात, विमान बुडायला लागलं आणि मग थ्रॉटल दिला, तर थ्रस्ट येईपर्यंत चाकं जमिनीला लागलेली असतात, बहुतेक चुकीच्या जागी. थोडी पॉवर ठेवून उतरा, फ्लॅप पूर्ण, आणि गो-अराउंड (उतरणं सोडून पुन्हा वर जाणं) करायचं असेल तर शंका आली की लगेच, ती पक्की व्हायची वाट न बघता. आयडललाही इंजिन विमानाला पुढे ढकलत राहतं, त्यामुळे ब्रेक बसवा, फोमच्या किटमध्ये ते बहुतेक नसतात. फेलसेफ म्हणजे सिग्नल गेला की इंजिन बंद, आयडल नव्हे, बंद. ट्रान्समीटर बंद करून जमिनीवर तपासा, विमान कुणीतरी धरून.

गोव्याचं आता. आपल्याकडे सपाट मोकळी जागा म्हणजे सडा, आणि सड्यावर दोन गोष्टी, जांभ्याची लाल धूळ आणि सुकं गवत. धूळ आणि खडे इंजिनात जातात, म्हणून इनटेकवर जाळी लावा आणि मातीवरून टेकऑफ करू नका, रबरी मॅट किंवा प्लायचे तक्ते टाकून स्टार्ट करा आणि धावपट्टी डांबर किंवा काँक्रीटचीच शोधा. गवताचं जास्त गंभीर आहे. डिसेंबरनंतर ते वाळतं, फेब्रुवारीपासून काजूचा सीझन, आणि सड्याखाली लोकांच्या बागायती. बॅटरीचं विमान पडलं तरी आग लागू शकते, पण लिटरभर रॉकेल आणि ७०० अंशांचा धातू एकत्र वाळल्या गवतात पडला तर लागतेच असं धरून चाला. मी स्वतः चवथीनंतर पाऊस ओसरला की गवत हिरवं असेपर्यंत टर्बाइन उडवतो आणि जानेवारीनंतर सड्यावर नेत नाही, त्या महिन्यांत ईडीएफ. हा माझा नियम आहे, सगळ्यांना पटत नाही. स्टार्टला सीओटू सिलिंडर हातात घेऊन माणूस उभा पाहिजे. पावडरवाला नको, आग विझते पण इंजिनही जातं. गवतासाठी वेगळं, पाण्याचे दोन कॅन आणि ओली पोती गाडीत.

उकाड्याचाही हिशेब ठेवा. इंजिनाचे आकडे १५ अंशांचे असतात, आपल्याकडे दुपारी ३३-३५, हवेची घनता सहा टक्क्यांच्या वर कमी, थ्रस्ट निदान तेवढा तरी खाली. सकाळी लवकर उडवा, वारंही शांत असतं, दुपारी समुद्राकडून वारा सुटला की सड्याच्या कडेला विमान उचकटतं. आणि खारी हवा बेअरिंगला चांगली नाही. घरी आल्यावर इंजिनच्या दोन्ही बाजूंना टोप्या आणि डब्यात सिलिका जेल, पावसाळ्यात तर नक्कीच, चार महिने उघडं ठेवलेलं इंजिन चवथीला फिरवलं की खरखरतं.

इंधन म्हणून पांढरं रॉकेल घ्या. रेशनचं निळं घेऊ नका, ते गरिबाच्या नावाचं आहे आणि असं वापरणं बेकायदा आहे. पांढरं मिळत नसेल तर बरीच छोटी इंजिनं डिझेलवर चालतात, मॅन्युअल बघा, वास आणि धूर जास्त. काहीही घ्या, टर्बाइन ऑइल साधारण पाच टक्के मिसळायचंच, बेअरिंगला वंगण इंधनातूनच मिळतं. आणि बारीक फिल्टरमधून गाळून.

जागा आणि नियम. चार किलोचं विमान म्हणजे ड्रोन नियम २०२१ मध्ये आपण येतो, नोंदणीचा नंबर लागतो, थर्ड पार्टी विमा लागतो, उडवायचं नजरेच्या टप्प्यात. हिरव्या झोनमध्ये (जिथे वेगळी परवानगी लागत नाही) ४०० फुटांपर्यंत, विमानतळापासून ८ ते १२ किलोमीटरमध्ये २०० फुटांपर्यंतच. आपला गोवा केवढासा, त्यात दाबोळी आणि मोपा असे दोन विमानतळ, आणि दाबोळी नौदलाची. वेर्ण्याचा सडा लांबून कितीही मोकळा दिसला तरी नाही, पेडण्यातही आता तेच. फोंडा, सत्तरी, सांगेकडे शोधा, पण प्रत्येक वेळी डिजिटल स्कायच्या (सरकारच्या ड्रोन संकेतस्थळाच्या) नकाशावर बघून, आणि टर्बाइनला २०० फूट म्हणजे काहीच नाही हे लक्षात ठेवून. शिवाय जमीन कोमुनिदादची (गावाच्या सामायिक मालकीची) असो, खाजगी असो, विचारून जा. टर्बाइनचा आवाज दोन वाड्यांपलीकडे ऐकू जातो, न विचारता एकदा उडवलंत की ती जागा सगळ्यांसाठीच बंद होते.

मागवताना, बाहेरून तयार ड्रोन आयात करायला फेब्रुवारी २०२२ पासून बंदी आहे, सुटे भाग त्यात येत नाहीत. म्हणून फक्त इंजिन आणि त्याचं सामान मागवा, विमानासकट नको, आणि इनव्हॉइसवर स्पष्ट लिहून घ्या. खर्च लाखांत जातो, त्यातला बराचसा ड्युटीत. पण इंजिन पुढच्या विमानात जातं, फोम जात नाही, म्हणून पैसे इंजिनवर घाला.

आता तुमचं मॉडेल कुठलं ते लिहा, आणि खालचं झाकण काढून फॅनच्या जागेचा फोटो टाका, पट्टी बाजूला ठेवून. फ्युझलाजची आतली रुंदी आणि फॅनपासून शेपटीच्या टोकापर्यंतचं अंतर कळलं की पाइप किती लांबीचा लागेल आणि इंजिन किती पुढे घेता येईल ते सांगतो. तोपर्यंत ऑर्डर करू नका.